घुंगरू, कॅमेरा आणि गुरूची नजर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय असा सांगितला : "तू कथक शिकवतेस आणि हल्ली मोबाइल, लॅपटॉप घेऊन वर्गात काहीतरी करतेस म्हणे. त्यावर बोल." हे 'काहीतरी' म्हणजे काय, त्याचा शिकवताना खरंच उपयोग होतो का आणि कुठे जपून राहावं लागतं, एवढंच आज सांगणार आहे. समोर आपले सर आणि बाई बसल्या आहेत, म्हणजे निम्मी सभा शिक्षकांची आहे. बाकीच्यांपैकी बरेच जण आता आजी-आजोबा झालेत आणि नातवंडांना नाचाच्या क्लासला सोडायला जातात. त्यामुळे हा विषय वाटतो तितका परका नाही.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या ग्रामोफोन रेकॉर्डपैकी त्या रेकॉर्ड. आज सव्वाशे वर्षं होत आली, तरी तो आवाज आपल्याला ऐकता येतो. पण गौहरजान नुसत्या गात नसत, त्या उत्तम नृत्यही करत. ते नृत्य कुठे आहे? कुठेच नाही. पाहणारे गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं. एकाच कलावंताची एक कला राहिली आणि दुसरी हरवली, कारण एकीसाठी यंत्र होतं आणि दुसरीसाठी नव्हतं.

नृत्य टिकवायचा प्रयत्न आपल्या लोकांनी केलाच नाही असं मात्र नाही. नाट्यशास्त्रात १०८ करणं सांगितली आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि शरीर यांची मिळून होणारी एक क्रिया. प्रत्येकाचं वर्णन थोडक्या शब्दांत आहे. ते वाचून नाच उभा करणं म्हणजे भाकरीची कृती वाचून पहिली भाकरी थापण्यासारखं आहे. पुढे शिल्पकारांनी ही करणं दगडात कोरली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ८१ करणं कोरलेली आहेत आणि उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवर तर शिल्पांसोबत नाट्यशास्त्रातले श्लोकही कोरले आहेत.

आपण सातारकरांना यासाठी फार लांब जायला नको. आपल्या नटराज मंदिरात आपण सगळे गेलो आहोत. बहुतेक जण शाळेच्या सहलीतून किंवा आईबरोबर. त्या मंदिरासाठी करणांच्या शिल्पांची रचना पद्मा सुब्रह्मण्यम यांनी केली, हे मात्र मला नृत्य शिकायला लागल्यावर कळलं. पद्माताई स्वतः नर्तकी आणि संशोधक. करणांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की करण ही पोझ नाही, ती हालचाल आहे. दगडात आपल्याला दिसतो तो त्या हालचालीतला एक क्षण. तो सुरुवातीचा आहे, मधला आहे की शेवटचा, हे शिल्प सांगत नाही. ते शोधायला ग्रंथ लागतो, शिल्प लागतं आणि नाचणारं शरीरही लागतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजच्या यंत्राची अडचणही बरीचशी तीच आहे.

आता यंत्राकडे येते. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने अमेरिकेत धावत्या घोड्याचे ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यातून सिद्ध झालं. गंमत अशी, की तोवरचे मोठमोठे चित्रकार तो क्षण पाय पुढे-मागे ताणलेला दाखवत आणि प्रत्यक्षात पाय पोटाखाली गोळा झालेले होते. शेकडो वर्षं घोड्याबरोबर राहणाऱ्या माणसाला जे दिसलं नव्हतं, ते कॅमेऱ्याने दाखवलं.

दुसरा प्रयोग १९७३ सालचा. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर लहान दिवे लावले, अंधार केला आणि फक्त त्या ठिपक्यांचं चित्रण केलं. माणूस स्थिर असला, की बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागला, की क्षणार्धात सगळे ओळखत की हा माणूस चालतो आहे. म्हणजे आपल्या डोळ्यांना माणूस ओळखायला नाकडोळे लागत नाहीत, सांध्यांची एकत्र हालचाल पुरते.

आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जे चालतं ते याच कल्पनेवर. आता दिवे बांधावे लागत नाहीत. साध्या व्हिडिओवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की खांदा इथे आहे, कोपर इथे, गुडघा इथे. 'मीडियापाइप' नावाची फुकट मिळणारी प्रणाली शरीरावर असे ३३ बिंदू धरते. ते रेषांनी जोडले, की पडद्यावर नाचणारा काड्यांचा माणूस तयार होतो. मग गुडघ्याचा कोन किती, दोन्ही हात एका पातळीत आहेत का, पाऊल समेवर पडलं की नंतर, हे आकड्यांत बघता येतं. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याला 'काटक्यांची बाई' म्हणते. तेच नाव आता आमच्याकडे रूढ झालंय.

उपयोग कुठे झाला, ते सांगते.

एक चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. मेहनती, तालाला पक्की. तिचा उजवा गुडघा दुखायचा. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी विश्रांती सांगितली. विश्रांती झाली की दुखणं थांबायचं आणि नाच सुरू झाला की पुन्हा यायचं. आईचं म्हणणं होतं, आता नाच बंद करू. मी तिचं नाचणं समोरून रोज बघत होते, मला काही वावगं दिसत नव्हतं. मग आम्ही तिचं हळू गतीचं चित्रण केलं, एका सेकंदाला २४० चित्रं. उडीवरून खाली येताना तिचा उजवा गुडघा क्षणभर आत, डाव्या पायाकडे वळत होता आणि लगेच सरळ होत होता. इतक्या झटक्यात, की साध्या डोळ्याला ते कळणं शक्य नव्हतं. फिजिओथेरपिस्टना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी कंबरेच्या आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, मी काही महिने उड्या बंद ठेवल्या आणि उतरण्याची पद्धत पहिल्यापासून शिकवली. ती आज नाचते आहे. गुडघा मी बरा केला नाही, मोबाइलनेही केला नाही. पण काय बघायचं ते मोबाइलने दाखवलं. वर्गात कॅमेरा आणल्याचं चीज व्हायला मला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

आता तत्काराकडे येऊ. कथकमध्ये पायांचं काम फार महत्त्वाचं. आपण तीनताल घेऊ, १६ मात्रांचा. लय मिनिटाला १२० मात्रांची धरा, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. चौगुनीत एका मात्रेत चार आघात, म्हणजे सेकंदाला आठ. एका आघाताला सेकंदाचा आठवा भाग मिळाला. मोबाइलचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे एका आघाताच्या वाट्याला चार चित्रंसुद्धा पूर्ण येत नाहीत. पाय सेकंदाच्या चाळिसाव्या भागाने मागे पडला, तर तो फरक दोन चित्रांच्या मधेच हरवतो. पण कान तो फरक पकडतो. 'कुठेतरी घसरलं' एवढं तरी तालमीच्या कानाला नक्की कळतं.

म्हणून तत्कार तपासायला मी चित्र बघतच नाही, आवाज बघते. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात. चित्रं ३० आणि आवाजाच्या नोंदी ४४,१००, हा फरक ध्यानात घ्या. 'ऑडॅसिटी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ध्वनिमुद्रण उघडलं, की प्रत्येक आघात उंच टोकासारखा दिसतो. टोकांमधलं अंतर सारखं असलं की लय सारखी. एखादं टोक कायम बुटकं दिसलं, तर समजावं की तो आघात कच्चा पडतोय. बहुधा तो डाव्या पायाचा असतो. मात्र यासाठी घुंगरू काढून ठेवावे लागतात. पायात शंभर-शंभर घुंगरू असले, की एका आघाताची किणकिण विरायच्या आत दुसरा आघात येतो आणि सगळी टोकं एकमेकांत मिसळतात. शिवाय घुंगरांचा आवाज कच्च्या पावलाला झाकतो. हे आमच्या जुन्या गुरूंना यंत्राशिवाय माहीत होतं. म्हणून तर ते नव्या विद्यार्थ्याला बरेच दिवस घुंगरू बांधू देत नसत.

इथे मला आपल्या शाळेची लेझीम आठवते. प्रजासत्ताक दिनाच्या आधी महिनाभर मैदानावर सराव चालायचा. सर हातात शिट्टी घेऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, सरांचं लक्ष नाही. आणि सर मागे न वळता म्हणायचे, "तिसरी रांग, उशिरा!" लेझमीच्या चकत्यांचा आवाज एकदम यायला हवा. तो फाटला की त्यांना कळायचं. आज मी लॅपटॉपवर जे बघते, ते सरांच्या कानात तेव्हाच बसलेलं होतं. फरक इतकाच, की सरांना ऐकू आलेलं आम्हाला ऐकू येत नव्हतं. आता विद्यार्थिनीला मी पडद्यावर दाखवू शकते, की बघ, तुझं सातवं टोक मागे आहे. तिला माझ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, ती स्वतः बघते. पंधरा दिवसांनी तिला ते बघावंही लागत नाही, कारण तोवर तिचाही कान तयार झालेला असतो. यंत्र वापरायचं ते अशासाठी, की काही दिवसांनी त्याची गरज उरू नये.

एवढं कौतुक झालं. आता दुसरी बाजू सांगते.

मघाशी म्हटलं की मीडियापाइप शरीरावर ३३ बिंदू धरते. ते कुठे आहेत हे मी एकदा नीट बघितलं. चेहऱ्यावर आहेत, खांदे, कोपरं, मनगटं, नितंब, गुडघे, घोटे, टाचा, पायाची बोटं, सगळीकडे आहेत. पाठीच्या कण्यावर मात्र एकही नाही! दोन खांदे आणि दोन नितंब, यांच्यामध्ये यंत्राच्या लेखी काही नाहीच, रिकामा चौकोन आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी कुठलंही नृत्य शिकलं आहे त्यांना विचारा, गुरू वर्गात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द उच्चारतात. "पाठ!" कथकमध्ये ठाठ धरून उभं राहिलं, की कसक-मसक म्हणतात ती अगदी बारीक हालचाल असते. छाती श्वासाने किंचित उचलली जाते, मान एखाद्या धाग्याने ओढल्यासारखी सरकते, मनगट श्वास घेतल्यासारखं वळतं. कोन मोजायला गेलं तर एक-दोन अंशांचासुद्धा फरक नसतो. त्या क्षणी सभागृह थांबतं आणि काटक्यांची बाई मात्र म्हणते, हालचाल शून्य.

डोळ्यांचंही तसंच. बिंदू डोळ्यांवर आहेत, पण नजर कुठे आहे ते त्या बिंदूंना कळत नाही. गतभावात राधा घागर घेऊन येते आणि समोर कृष्ण उभा दिसतो. समोर कोणीच नसतं. नजरेने तो उभा करायचा असतो. हात, पाय, मान सगळं बरोबर असूनही कृष्ण तिथे नसेल, तर नाच चुकला. हे चुकणं यंत्राला दिसत नाही.

वजनाचंही तेच. टाच जमिनीला टेकली हे चित्रात दिसतं. तिच्यावर अंगाचा भार आला की ती नुसती टेकली, हे दिसत नाही. चक्कर घेताना तर यंत्र पुरतं गोंधळतं. पाठ कॅमेऱ्याकडे गेली, की त्याला डावा-उजवा कळेनासा होतो आणि काटक्यांच्या बाईचे हात एकमेकांत अडकतात. वर्गात सगळ्या हसतात. घेरदार अंगरखा घातला, की गुडघे कुठे आहेत याचा ते नुसता अंदाज मारतं.

नटराज मंदिरातल्या शिल्पांबद्दल मघाशी म्हटलं होतं, की शिल्प एक क्षण धरतं, क्रिया नाही. हे यंत्र सेकंदाला तीस क्षण धरतं. पण दोन क्षणांच्या मधे नाचणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे, ते धरत नाही. शिल्पाला जसा वाचणारा लागतो, तसा या आकड्यांनाही लागतो.

हे नीट कळलं नाही तर काय होतं, तेही सांगते. आता अशी अॅप आली आहेत, की आधी शिक्षकाचा व्हिडिओ दाखवतात, मग तुमचा घेतात, दोन्ही जुळवून बघतात आणि टक्के देतात. माझ्याकडे एक मुलगी आली. अशाच एका अॅपवर घरी वर्षभर सराव करून आली होती. वडील कौतुकाने म्हणाले, "हिला ब्याण्णव टक्के पडतात, मॅडम." मुलगी खरोखर मेहनती होती. सगळे हस्तक जागच्या जागी. पण नाचताना ती श्वास रोखून धरायची. मान ताठ आणि नजर एका ठिकाणी खिळलेली, जिथे घरी मोबाइल ठेवलेला असायचा तिथे. हलली की टक्के कमी होतात, हे तिला वर्षभरात पक्कं कळलं होतं. यंत्राने जे मोजलं ते ती शिकली, जे मोजलं नाही ते तिच्याकडून सुटलं. ती मान सोडवायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्यात त्या मुलीचा काही दोष नव्हता. टक्के मिळाले की आपण सगळेच टक्क्यांमागे धावतो. हे शाळेच्या मेळाव्यात मी वेगळं सांगायला नको!

आणि टक्के कशाशी जुळवून द्यायचे? कथकमध्ये लखनौ, जयपूर, बनारस अशी घराणी आहेत. एकाच हस्तकाची निकास वेगळी, उभं राहणं वेगळं. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली. त्यांनी लखनौ आणि जयपूर, दोन्ही घराण्यांची तालीम घेतली होती आणि त्यातून स्वतःची वाट काढली. महाराष्ट्रातल्या आज कथक शिकवणाऱ्या कित्येक जणींची परंपरा त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते. उद्या एखाद्या अॅपमध्ये एकाच घराण्याचे व्हिडिओ 'बरोबर' म्हणून भरले, तर बाकी सगळ्यांचं नाचणं आपोआप 'चूक' ठरेल. तसं कोणी ठरवलेलं नसेल, फक्त भरताना तेवढेच हाती लागलेले असतील. दोन पिढ्यांनी मग सगळीकडचं कथक एकसारखं दिसेल. मला ही भीती खरी वाटते. गौहरजान यांचं नृत्य नोंद न झाल्यामुळे गेलं. उद्या एखादं घराणं अपुऱ्या नोंदीमुळे जाऊ शकतं.

मग करायचं काय? यंत्राने गुण देऊ नयेत, यंत्राने दाखवावं. याचं एक चांगलं उदाहरण जर्मनीत काम केलेल्या विल्यम फोर्साइथ या नृत्यरचनाकाराचं आहे. त्यांनी कार्लस्रूहच्या झेडकेएम या संस्थेबरोबर एक सीडी-रॉम तयार केली, ती १९९९ साली प्रकाशित झाली. त्यात फोर्साइथ स्वतः हालचाल करून दाखवतात आणि ज्या रेषेचा ते विचार करताहेत, ती पांढरी रेषा पडद्यावर त्यांच्या हाताबरोबर उमटत जाते. हा हात इथून इथे का गेला, याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. त्यात कोणालाही टक्के नाहीत. बघणाऱ्याची नजर तयार व्हावी एवढाच हेतू आहे. पुढे २००९ साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर त्यांनी स्वतःच्या एका समूहरचनेचं असंच विश्लेषण केलं. २० टेबलांच्या मधून १७ नर्तक नाचतात. कोण कोणाला इशारा देतो, कोण कोणाबरोबर जुळतो, हे रंगीत रेषांनी उलगडून दाखवलं. नृत्य आपलंच, पण त्यातला विचार दिसायला लागला. आपल्या गतीतल्या, तोडे-तुकड्यांतल्या रेषा कोणी अशा दाखवल्या तर मला फार आनंद होईल.

माझ्या वर्गात मी काही साधे नियम केले आहेत. इथल्या शिक्षकांना स्नेहसंमेलनाच्या तालमीतही ते चालतील.

मोबाइल स्टँडवर, कंबरेच्या उंचीला, तीन-चार मीटर लांब आणि आडवा ठेवायचा. खाली ठेवून वर रोखला, की गुडघ्याचा कोन खोटा दिसतो. पाय आणि जमीन दोन्ही चित्रात हवीत. शक्य असेल तर दोन मोबाइल लावायचे, एक समोरून आणि एक बाजूने. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे दोन्ही चित्रणं नंतर त्या टाळीवर जुळवता येतात. पुढचा कॅमेरा वापरला तर डावं-उजवं उलटलं नाही ना, हे आधी बघायचं. नगमा ब्लूटूथ स्पीकरवर लावायचा नाही. तो आवाज किंचित उशिरा येतो आणि मग सम चुकल्याचा दोष विनाकारण मुलीच्या माथी येतो. २०२० साली टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग घेतलेल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. आमची टाळी तिकडे पोहोचेपर्यंत सम निघून गेलेली असायची.

दुसरा नियम : चित्रण महिन्यातून एकदा. रोज नाही. रोज स्वतःला बघणारी मुलगी हळूहळू नाचायचं सोडून दिसायला लागते.

तिसरा : आधी विद्यार्थिनीने बघायचं आणि बोलायचं, नंतर मी. "तुला काय दिसलं?" हा प्रश्न पहिला. सुरुवातीला उत्तर येतं, "मी जाड दिसते," "माझे केस विस्कटलेत." तिथून "माझी पाठ समेच्या आधीच सैल पडते" इथपर्यंत यायला काही महिने जातात. तेच खरं शिक्षण. ज्या दिवशी तिला स्वतःची पाठ दिसते, त्या दिवशी कण्यावर बिंदू नसल्याचं मला काही वाटत नाही.

चौथा नियम आई-वडिलांसाठी आणि माझ्यासाठीही. मुलींचे व्हिडिओ वर्गाच्या हार्ड डिस्कवर राहतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जात नाहीत आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकले जात नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंच आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं. पोर शिकत असतानाच्या तिच्या चुका हा तिचा खासगी ऐवज आहे. जाताना ती मागेल तर तिच्या हाती द्यायचा, नाहीतर पुसून टाकायचा.

शेवटी दोन विनंत्या करते आणि थांबते.

आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत, काही परदेशात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तुमच्यापैकी कोणाला या कामात हात घालावासा वाटला, तर आधी कुठल्यातरी क्लासमध्ये महिनाभर मागे बसा. गुरू काय बघतात ते बघा, कधी "हं" म्हणतात ते ऐका. मग लॅपटॉप उघडा. कण्यावर बिंदू का हवा, हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.

दुसरी विनंती सगळ्यांना. साताऱ्याच्या परिसरात अजून जुनी माणसं आहेत. लेझीम शिकवणारी, गजी नृत्याचे ढोल वाजवणारी, जत्रेतल्या तमाशात उमेदीची वर्षं घालवलेली. त्यांचं चित्रण करा, पण नुसता नाच टिपू नका. त्यांना बसवा, चहा द्या, विचारा, की हे पाऊल असंच का? गुरूने तुम्हाला कशावरून रागावलं होतं? ते सांगताना त्यांचे हात आपोआप हलतील, तेही टिपा. त्यांच्या परवानगीने टिपा आणि एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. नाच कसा होता हे कॅमेरा पुढच्यांना दाखवील. तो तसा का होता, हे त्या माणसाच्या तोंडूनच यावं लागेल, आणि ते विचारायला आज आपण आहोत.

आपल्या लेझमीच्या सरांचंही असं चित्रण करायचं आमच्या तुकडीने ठरवलं आहे. सर समोरच बसले आहेत, म्हणून इथेच परवानगी मागते. सर, पाठ करून उभं राहूनही तुम्हाला तिसरी रांग कशी कळायची, ते आम्हाला सविस्तर सांगायचं आहे. स्टँड आम्ही आणू.